निरोपाचं ताट

पेंटर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ब्रश घेऊन उभा होता आणि काहीच करत नव्हता. खाली वहिनींनी शिडी धरून ठेवली होती. शिडी तशी भक्कम होती. पण सोडली तर हा माणूस उतरून चालायला लागेल, अशी त्यांना शंका होती.

"चहा झाला," पेंटर म्हणाला. "कॉफी झाली. सूप झालं, आम्लेट झालं. आता?"

"आता ताट. साठाचे नव्वद."

पेंटरने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"ताटाला मी हात लावणार नाही."

"का?"

"मी ताट खातो."

त्याच्या मते एवढं कारण पुरेसं होतं, आणि ते देऊन तो खाली उतरला. गेली सात वर्षं तो हेच कारण देत होता. सात वर्षांत चहाचा भाव तीनदा वाढला होता, कारण पेंटर चहा पीत नसे. कॉफीचा चारदा वाढला होता, कारण कॉफीने त्याला जळजळ व्हायची आणि पिणाऱ्यांना शिक्षा व्हावी असं त्याला वाटे. दिवसाचं ताट मात्र, म्हणजे सूप, पाव, उकडलेले बटाटे, भाजी आणि मासा किंवा मांसाचा एक तुकडा, साठावर होतं ते साठावरच राहिलं. वहिनींना ते बहात्तरला पडत होतं. म्हणजे जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या वरून बारा देत होत्या. दुपारी गर्दी झाली की त्या तोटा मोजायला लागायच्या. धंद्यातले बाकीचे तो गर्दी नसल्यावर मोजतात.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल की पेंटर नाही म्हणतो तर दुसऱ्याकडून लिहून घ्यावं. पण गावात दुसरा पेंटर नव्हता. शिवाय ती भिंत साधी नव्हती. वहिनींच्या नवऱ्याने, ज्याला सगळं गाव दादा म्हणे, बावीस वर्षांपूर्वी एका वेटरला गिऱ्हाइकाकडून चार जास्त घेताना पकडलं होतं. त्याने वेटरला घालवलं आणि भावांच्या यादीखाली लाल रंगात एक ओळ लिहून घेतली: 'या भिंतीवर आहे तोच भाव.' खाली स्वतःची सही. दादा वारला त्याला नऊ वर्षं झाली. ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख सांगता येत नव्हती त्यांनाही ती ओळ पाठ होती.

वहिनींनी एकदा शहरातून छापील कागद आणून साठावर चिकटवून पाहिला होता. औषधाच्या दुकानाचा मालक जेवून उठला, भिंतीपाशी गेला, नखाने कागदाचा कोपरा उचलला, खाली साठच आहेत याची खात्री करून घेतली आणि साठ ठेवले. जाता जाता म्हणाला, "दादांचा शब्द आहे, वहिनी. तो आपणच मोडायचा का?"

'आपण' हा शब्द वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

दादाच्या विम्याचे पैसे आजवर हे बारा-बारा भरत आले होते. ते आता संपत आले होते. नव्वद झाले तर खानावळ राहील, नाही झाले तर पुढच्या महिन्यात शटर, हे वहिनींनी नणंदेला सांगितलं होतं. नणंद स्वयंपाक करायची. भावाच्या पश्चात खानावळीत तिचा निम्मा वाटा होता, आणि बोलण्यात पूर्ण.

"भिंत पांढरी करून टाक," नणंद बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"दादांची सही आहे."

"सहीपुरती ठेव. माझाही भाऊच होता तो. मला नाही काही वाटत."

"गावाला वाटेल."

"गाव," नणंद म्हणाली, आणि बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढला. काढताना तिने जरा जास्तच काढला.

या गावात एके काळी सात खानावळी होत्या. त्यातल्या सहा गेल्या आठ वर्षांत बंद पडल्या आणि सहाही वेळा गावाने मनापासून शोक केला. याबाबतीत गावाला नावं ठेवता येणार नाहीत. स्टेशनसमोरची बंद झाली तेव्हा लोक शटरला हात लावून उभे राहिले. चौकातली बंद झाली तेव्हा निवृत्त हेडमास्तरांनी स्थानिक साप्ताहिकात 'एका चुलीचा अस्त' नावाचा लेख लिहिला. तो इतका गाजला की पुढच्या चारही चुलींच्या अस्तांना त्यांनाच लिहायला सांगण्यात आलं. प्रत्येक लेखात ते त्या खानावळीतल्या सूपची चव वर्णन करत. सूप ते कधीच पीत नसत. प्रकृतीला चालत नसे.

शेवटचा गेला तो पुलाजवळचा कॉफीवाला. त्याच्या अखेरच्या दिवशी वहिनी स्वतः गेल्या होत्या. रांग पुलापर्यंत होती. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, फोटो काढत होते, सुट्टे परत घेत नव्हते. कॉफीवाला घामाघूम होऊन वहिनींच्या कानाशी आला आणि म्हणाला, "वहिनी, यातली निम्मी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय. ही महिन्यातून एकदा आली असती ना, तर मी आज यांना हाकलून दिलं असतं." मग त्याच दिवशी संध्याकाळी त्याने यंत्र विकलं आणि मुलीकडे राहायला गेला.

ही रांग वहिनींच्या डोक्यातून जात नव्हती. तेच लोक हायवेवरच्या काचेच्या हॉटेलात जात. तिथे असंच ताट अडीचशेला मिळायचं, फक्त बटाटे कमी आणि वर हिरवं पान. तिथे कोणी कागद उचलून खालचा भाव बघत नसे.

पेंटर शिडी घडी करत होता तेव्हा नणंद हात पुसत बाहेर आली.

"पेंटर, ताटाला हात लावू नका. नवा पदार्थ लिहाल का?"

"कोणता?"

"निरोपाचं ताट. नव्वद."

पेंटर थांबला. वहिनीही थांबल्या, कारण हे त्यांनाही नवीन होतं.

"कसला निरोप?"

"खानावळीचा. महिनाअखेरीला बंद."

पेंटरचा चेहरा बदलला. मरगळ गेली. गावातल्या सहाही शटरांवर 'बंद' त्यानेच लिहिलं होतं आणि ती अक्षरं त्याच्या उत्तम कामांत मोडत. कॉफीवाल्याच्या 'बंद'च्या अनुस्वारावर तर त्याने अर्धा दिवस घालवला होता. तो शिडी परत उघडून वर चढला आणि 'ताट – साठ' च्या खाली, जाड-बारीक रेघांच्या सुंदर अक्षरांत, 'निरोपाचं ताट – नव्वद' लिहिलं. कोपऱ्यात एक मिटलेलं फूलही काढलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

"त्यात वेगळं काय असतं?" खाली उतरून त्याने विचारलं.

"काही नाही," नणंद म्हणाली. "शेवटचं असतं."

"मग मला साधं."

तो आत गेल्यावर वहिनींनी नणंदेला स्वयंपाकघरात गाठलं. "हे काय केलंस?"

"महिनाभर नव्वदने खाऊ दे. सवय झाली की पहिला शब्द पुसायचा. 'निरोपाचं' गेलं की राहिलं ताट, नव्वद."

"आणि महिना संपल्यावर?"

"उघडायचं. चालू आहे म्हटल्यावर माणसं खूशच होतात, वहिनी. हॉस्पिटलात नाही का होत."

हे वहिनींना पटलं. पुढे जे झालं त्याचा दोष त्यांना नणंदेवर टाकता आला नाही तो यामुळेच.

पहिल्या दोन दिवसांत गावभर झालं. तिसऱ्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. जे सात वर्षांत फिरकले नव्हते ते सहकुटुंब आले, आणि साधं ताट मागायची कोणाची हिंमत होईना. कोणी चुकून मागितलंच तर शेजारच्या टेबलावरून नजरा वळत. औषधवाला बायकोला घेऊन आला, नव्वदांचं ताट घेतलं, पहिला घास घेतला आणि डोळे पुसले.

"हीच चव," तो बायकोला म्हणाला. "अगदी हीच."

"तीच असणार," वहिनी म्हणाल्या. "गेल्या मंगळवारी तुम्ही हेच ताट साठाला खाल्लंत."

"तेव्हा कळलं नाही हो."

गल्ला भरत होता आणि वहिनींचं डोकं फिरत होतं. माणसं जेवायला येत नव्हती, भेटायला येत होती, जसं आजाऱ्याला भेटायला जातात, आणि निघताना पलंगाकडे बघतात. एक बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "हे तुम्ही काढणारच असाल ना?" शिंप्याने खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीला आपलं माप घ्यायचं टेप लावून पाहिलं. मिठाच्या डब्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. आधी तीन, मग सात. एकीने तर पर्समध्ये टाकताना वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि हळवं हसली.

"डबी ठेवा खाली," वहिनी म्हणाल्या.

"आठवण म्हणून घेतेय, वहिनी."

"जिवंत आहे मी अजून."

"तुमची नाही हो. खानावळीची."

हेडमास्तर दुसऱ्या आठवड्यात वही घेऊन आले. खिडकीजवळ बसले, कॉफी मागवली आणि सूपबद्दल विचारू लागले.

"सूप घ्या ना, सर," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे चव कळेल."

"प्रकृतीला चालत नाही." त्यांनी वहीत काही खोडलं. "मी 'उबदार' असं लिहिलंय. चालेल?"

"गरम लिहा. आम्ही गरम देतो."

"वहिनी, तुम्हाला कल्पना नाही, तुमच्या जाण्याने गावाचं किती नुकसान होणार आहे."

"आहे की. मी मोजते रोज. सर, तुम्ही याआधी कधी आला होतात?"

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "दादा असताना. बऱ्याचदा."

"दादा असताना तुम्ही समोरच्या खानावळीत जात होतात. ती बंद पडली तेव्हा तुम्ही लिहिलंत की तुम्ही रोज तिथे जात होतात. मी वाचलंय."

"मग झालं तर," हेडमास्तर म्हणाले, आणि वाचलंय एवढ्यावरच खूश झाले. "शेवटच्या दिवशी मी दोन शब्द बोलेन. टेबल ठेवा."

रोज साडेबाराला, या सगळ्यात, पेंटर येऊन दाराजवळच्या टेबलावर बसायचा आणि साधं ताट मागायचा. नणंद त्याला मुद्दाम पावाचा टोकाकडचा तुकडा द्यायची. तो कुरकुर न करता खायचा, साठ ठेवायचा आणि जाताना आपल्या अक्षरांकडे एकदा बघायचा. वहिनींना त्याचा राग यायचा. पण अख्ख्या खोलीत जेवायला आलेला तो एकटाच आहे, हे लक्षात आल्यावर जास्तच यायचा.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. कोणी फुलं आणली, कोणी केक आणला, आणि तो खानावळीत कापायला वहिनींकडेच सुरी मागितली. दुपारी दोनला हेडमास्तर उभे राहिले. त्यांनी चूल, ऊब, माणुसकी आणि दादांचा शब्द यांवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. मागे सूप निवत होतं. बायका रडल्या. औषधवाला उघडपणे रडला आणि त्याच्या पाठीवरून शिंप्याने हात फिरवला.

"आणि आता," हेडमास्तर म्हणाले, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

वहिनी भिंतीपाशी उभ्या होत्या. नणंद स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हीच वेळ, असं दोघींचं ठरलं होतं.

"तुम्ही सगळे महिनाभर आलात," वहिनी म्हणाल्या. "म्हणून सांगते, बंद करत नाही. खानावळ चालू राहणार. उद्या नेहमीसारखं साडेअकराला उघडेल. ताट मात्र नव्वदच राहील."

त्यांनी टाळ्यांची वाट पाहिली.

कुठेतरी चमचा बशीत पडला. औषधवाल्याचा रुमाल अजून डोळ्यांशीच होता. तो त्याने खाली घेतला, त्याची घडी केली आणि खिशात ठेवला.

"म्हणजे काय?" तो म्हणाला.

"म्हणजे चालू आहे."

"पण आम्ही रडलो."

"त्याबद्दल आभार."

"आभार नकोत. काय चाललंय काय हे? माझी बायको चार रात्री नीट झोपली नाही."

"मग आज झोपतील."

"वहिनी," हेडमास्तर बसता बसता परत उठले, "लेख छापायला गेलाय. उद्याच्या अंकात आहे. 'शेवटच्या चुलीचा अस्त.' मी आता कोणत्या तोंडाने..."

"मागे घ्या."

"चार रकाने आहेत."

ज्या बाईला घड्याळ हवं होतं ती मैत्रिणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. चेहऱ्यावर दुःख दिसतच नव्हतं."

"म्हणजे नव्वद काढायचे म्हणून हे सगळं," शिंपी म्हणाला. "सरळ मागायचे होते. आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवर, कागद चिकटवला होता तिथे राहिलेल्या चिकटपट्टीच्या डागाकडे पाहिलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, फार चांगलं होतं, सात वर्षं मुरलेलं होतं. पण तेवढ्यात केक आणलेली मुलगी उरलेला अर्धा केक खोक्यात परत भरू लागली आणि त्या तेच बघत राहिल्या.

"अंत्ययात्रेला बोलवायचं," औषधवाला दारात वळून म्हणाला, "आणि मेलेल्याने उठून बिल द्यायचं. दादा असते तर असं झालं नसतं."

"दादा असते तर साठाला विकून खानावळीआधी तेच मेले असते," नणंद दारातून म्हणाली. पण तोवर ऐकणारे निम्मे रस्त्यावर होते. फुलंही घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला शटर उघडलं. बारा वाजले, एक वाजला. कोणी आलं नाही. पेंटर आला. साधं ताट खाल्लं, साठ ठेवले. तिसऱ्या दिवशीही तेच.

गावाने ठरवून बहिष्कार टाकला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ठरवायला कोणी जमलंच नाही. गावाचा त्या खानावळीचा निरोप घेऊन झाला होता, एवढंच. साप्ताहिकात लेख आला होता, मिठाच्या डब्या घरोघरी कपाटांत लागल्या होत्या, मनं हलकी झाली होती. आता परत तिथे जाऊन बटाटे खाणं त्यांना कसंसंच वाटत होतं. वहिनी बाजारात गेल्या तेव्हा ओळखीची माणसं दचकल्यासारखं करून दुसऱ्या बाजूने गेली. भाजीवाली तेवढी म्हणाली, "तुम्ही अजून आहात होय?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने लेख वाचला होता.

दोन आठवड्यांनी वहिनींनी पेंटरला भिंतीपाशी बोलावलं.

"'निरोपाचं' एवढं पुसून द्या. आणि वरची साठाची ओळ काढा."

"साठाची ओळ राहू दे," पेंटर म्हणाला. "ती मी खातो."

"तुमच्याशिवाय कोणी खात नाही."

"तेच म्हणतोय. माझ्याशिवाय कोणाला त्रास नाही तिचा. आणि फूल मी पुसणार नाही, ते चांगलं आलंय."

महिन्याची अखेर आली तेव्हा विम्याचं शेवटचं टिपूस संपलं होतं. वहिनींनी आणि नणंदेने ठरवलं. फ्रीज घेणारा शहरातून येणार होता. वहिनींनी पेंटरला विचारलं, "शटरवर 'बंद' लिहून द्याल का?"

पेंटर हसला. गेल्या सात वर्षांत वहिनींनी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"एकदा फसलो, वहिनी. फूल फुकट काढून दिलं तुम्हाला."

"आता खरंच करतोय."

"हो का. कोणत्या भावाने?"

शेवटच्या दिवशी तो साडेबाराला आला. खोलीत तो, वहिनी आणि नणंद. नणंदेने त्याला पावाचा मधला तुकडा दिला. त्याने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं, मग खाल्ला. मासा चांगला होता. दोन तुकडे होते. वहिनी समोरच्या टेबलावर बसून होत्या. बावीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"आज शेवटचा दिवस," त्या म्हणाल्या.

"कितवा?" पेंटरने विचारलं. सूप संपवलं, साठ ठेवले, भिंतीकडे एकदा बघितलं आणि गेला.

दोघींनी भांडी घासली, चूल पुसली, शटर ओढलं आणि जिन्याने वर गेल्या. खालून कोणी फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला खाली शटर खडखडलं. मग परत, जोरात. वहिनींनी वरच्या खिडकीतून पाहिलं. पेंटर उभा होता. त्याने शटरला कान लावला, मागे सरकून वर बघितलं आणि त्याला वहिनी दिसल्या.

"वहिनी, बंद का आहे?"

"बंद आहे म्हणून."

त्याने शटरवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

"मग सांगायचं तरी," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "माणसाने जेवायचं कुठे?"

वहिनींनी खिडकी लावून घेतली. मागे नणंद दोघींसाठी बटाटे सोलत होती. मोजून चार घेतले होते.